कोरड्या मातीचा एक ग्रॅम

तराजूवर कोरड्या मातीचा १ ग्रॅम घ्यायचा. २ मिलिमीटरच्या चाळणीतून उतरलेली, हवेत वाळलेली, चिमटीत धरली तर भुरभुर सुटणारी माती. ती टेस्ट ट्यूबमध्ये टाकून वर ४ मिली बफर (सामू, म्हणजे पीएच, स्थिर ठेवणारं द्रावण) आणि १ मिली पी-नायट्रोफिनिल फॉस्फेटचं द्रावण घालायचं, बूच लावून ३७ अंश सेल्सिअसला तासभर ठेवायचं. तास भरला की ०.५ मोलर कॅल्शियम क्लोराइड १ मिली आणि ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ४ मिली. द्रावण पिवळं होतं. फॉस्फेटेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, ते फॉस्फेट फोडतं त्यातून हा रंग येतो. रंग जितका गडद, तितकं त्या मातीतलं फॉस्फेटेज कामाचं. गाळून ४०० ते ४१० नॅनोमीटरच्या दरम्यान वाचन घ्यायचं आणि वहीत नोंद करायची: कोरड्या मातीची फॉस्फेटेज क्रियाशीलता इतकी इतकी.

आकडा बरोबर असतो, त्याला दिलेलं नाव चुकतं. बफर पडलं त्याच क्षणी ती माती कोरडी राहिली नाही. १ ग्रॅम मातीभोवती ५ मिली पाणी म्हणजे चिखलही नव्हे, गढूळ पाणीच. आपण मोजलं ते इतकंच की भरपूर पाणी, भरपूर खाद्य आणि हवी तशी ऊब मिळाल्यावर या मातीतलं विकर काय करू शकतं. तासाभरापूर्वी, तराजूवर कोरडी पडलेली असताना ते काय करत होतं, याचा त्या पिवळ्या रंगात मागमूसही नाही.

माती वाळली आणि पुन्हा भिजली की तिच्यातल्या विकरांचं काय होतं? एका निष्कर्षात ती वाळल्यावर मंदावलेली दिसतात, दुसऱ्यात जशीच्या तशी, तिसऱ्यात चक्क वाढलेली. हे निष्कर्ष एकमेकांशी भांडतात असं वाटतं. मला वाटतं, त्यातले पुष्कळसे भांडतच नाहीत. विकराचा साठा, पाण्याची वाट आणि जिवंत पेशी या तीन गोष्टी प्रत्येकाने वेगवेगळ्या प्रमाणात मोजलेल्या असतात आणि तिन्हींना एकच शब्द लावलेला असतो.

आधी साठा. जिवाणूला पानाचा तुकडा गिळता येत नाही. सेल्युलोजची साखळी त्याच्या पेशीत मावणारी नाही. म्हणून तो विकरं बाहेर सोडतो, ती साखळी तोडतात, आणि सुटलेले छोटे तुकडे पाण्यातून वाहत परत त्याच्याकडे येतात. बीटा-ग्लुकोसिडेज शेवटच्या टप्प्यावर जोडसाखर फोडून ग्लुकोज मोकळं करतं. कायटिनेज गटातली विकरं बुरशीच्या भिंती आणि कीटकांची कवचं उलगडतात. फॉस्फेटेज सेंद्रिय पदार्थांत अडकलेलं फॉस्फरस सोडवतं, आणि युरिएज युरियाचा अमोनिया करतं. (शुद्ध स्फटिकरूपात हाती आलेलं पहिलं विकर हे युरिएजच. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये ते एका जातीच्या घेवड्याच्या बियांतून मिळवलं.)

बाहेर सोडलेल्या विकराचं आयुष्य दोन तऱ्हांनी जातं. काही लगेच मोडतात, कारण प्रथिनं तोडणारी विकरंही तिथंच वावरत असतात आणि विकर हे स्वतः प्रथिनच. बाकीची चिकणमातीच्या पापुद्र्यांना किंवा ह्यूमसला चिकटतात. चिकटताना थोडी क्षमता जाते, पण टिकाऊपणा अतोनात वाढतो. ज्या पेशीने ती घडवली ती केव्हाच मेलेली असते आणि विकर तिथं तसंच बसलेलं असतं. त्यामुळे मातीची विकर-क्रियाशीलता ही आजच्या जीवांची हजेरी असते असं समजू नये. तिच्यात जुन्या पिढ्यांची मिळकत मोठ्या प्रमाणात असते.

आता माती वाळते. किती वाळली हे टक्क्यांत सांगणं सोपं, पण जिवाणूला टक्के कळत नाहीत. त्याला जाणवते ती पाण्याची ओढ, म्हणजे मातीने पाणी किती घट्ट धरून ठेवलं आहे ते. वाफशाला आलेल्या, म्हणजे जादा पाणी निथरून गेलेल्या मातीत ही ओढ उणे ०.०३३ मेगापास्कलच्या आसपास असते (मेगापास्कल हे दाबाचं एकक; उणे आकडा जितका मोठा, तितकी ओढ घट्ट). उणे १.५ ला बहुतेक झाडं कायमची सुकतात. खनिज मातीतल्या सूक्ष्मजीवांचं श्वसन त्याच्याही बरंच पलीकडे, सरासरी उणे १४ पर्यंत रेंगाळतं. आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत वाळवलेली माती सुमारे उणे ९५ मेगापास्कलला जाऊन बसते. मोजपट्टीवरचं हे अंतर नीट पाहायला हवं. झाड ज्याला मरणाचा दुष्काळ म्हणतं, तिथून हवेत वाळलेली माती साठ पट पुढे आहे.

जवळून पाहिलं तर चित्र असं. झाड सुकतं त्या पातळीला मातीच्या कणावरचा पाण्याचा पदर १० नॅनोमीटरपेक्षाही पातळ झालेला असतो, आणि त्यावर बसलेला जिवाणू साधारण १,००० नॅनोमीटरचा. पोहणं तर राहोच, त्याची पाठही ओली राहत नाही. शेजारच्या कणावर सेल्युलोजचा एक तंतू पडलेला आहे, या कणावर विकर चिकटलेलं आहे, आणि मधे दोन-तीन मायक्रोमीटरची हवेची फट. वाफशाच्या वेळी तिथं पाण्याचा पूल होता, आता तो तुटला. विकराचा आकार शाबूत, त्याची पकड शाबूत, पण तंतूपर्यंत पोचायला वाट नाही. कोरड्या मातीत काम थांबतं ते मुख्यतः या तुटलेल्या वाटेमुळे.

त्यात एक गंमत दडलेली आहे, आणि पुष्कळ उलटसुलट आकड्यांची किल्ली तिथं सापडते. वाट तुटली ती सगळ्यांचीच. विकरांना खाणारी विकरंही जागच्या जागी अडकली. नवं उत्पादन घटलं तसा जुन्याचा नाशही घटला. म्हणजे कोरड्या काळात साठा राखला जातो, आणि पेशी अगदी शेवटपर्यंत थोडंफार सोडत राहिल्या असतील तर साचतोही. मग कोणी ती माती उचलून ५ मिली बफरमध्ये टाकतो, वाट क्षणात मोकळी होते आणि आकडा ओल्या मातीपेक्षा चढा येतो. यावरून दुष्काळात विघटन वाढतं असा अर्थ काढणं म्हणजे गोदाम भरलेलं पाहून दुकान जोरात चालल्याचं सांगणं.

पाण्याची वाट म्हणजे वाहतं पाणीच हवं असंही नाही. १९६७ मध्ये स्कुजिन्स आणि मॅक्लॅरन यांनी युरिएज घेऊन हाच प्रश्न तपासला: ओतलेलं पाणी अजिबात नसेल आणि फक्त हवेतलं बाष्प असेल तर युरिया फुटतो का? आर्द्रता पुरेशी चढली की फुटतो. बाष्पातून कणांवर बसणारा पाण्याचा काही रेणूंचा थरसुद्धा विकराला थोडं हलू देतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे प्रयोगाच्या बरणीत ती नको त्या ठिकाणी डोकं वर काढते.

तिसरी गोष्ट पेशींची. बाहेरची ओढ वाढत गेली की पेशीतलं पाणी बाहेर पळू लागतं. ते रोखायला पेशी आतलं द्रावण दाट करते: ट्रेहॅलोज, प्रोलिन, ग्लायसिन बीटेन असे निरुपद्रवी रेणू साठवून. त्याला कार्बन आणि नायट्रोजन खर्ची पडतो, आणि कोरड्या मातीत दोन्ही दुर्मीळ. म्हणून सगळ्याच जाती हा मार्ग धरत नाहीत. काही बीजाणू करून बसतात, काही चिकट आवरणात गुरफटतात, काही नुसत्या निपचित होतात. बुरशीला एक नैसर्गिक सोय आहे. तिचे तंतू हवेची फट ओलांडून जातात आणि पाण्याचा पूल नसला तरी त्या तंतूंतून माल पुढे सरकतो.

आणि मग पाणी येतं. उणे ९५ पासून उणे ०.०३ पर्यंतचा पल्ला काही सेकंदांत. वाळायला पंधरवडा लागला होता. त्या वेळात पेशीने आतलं द्रावण हळूहळू दाट केलं, आता तिला ते एका दमात पातळ करायचं आहे. पाणी आत घुसतं, भिंतीवर ताण येतो. पेशीपटलात ताणाने उघडणाऱ्या झडपा असतात, त्यातून ती जमवलेले रेणू भराभर बाहेर फेकते. ज्यांना ते वेळेत जमत नाही त्या फुटतात. कीफ्ट, सोरोकर आणि फायरस्टोन यांनी १९८७ मध्ये दाखवलं की कोरडी माती एकदम भिजवली की सूक्ष्मजीवांच्या शरीरातल्या कार्बनपैकी १७ ते ७० टक्के बाहेर पडू शकतो. दोन टोकांमधलं हे अंतर म्हणजे मातीमातीतला फरक. टर्नर आणि हेगार्थ यांनी २००१ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या २९ गवताळ मातींवर काम केलं. वाळवून भिजवल्यावर पाण्यात उतरणारं फॉस्फरस १८५ ते १,९०० टक्क्यांनी वाढलेलं सापडलं, आणि त्यात सेंद्रिय फॉस्फरसचा वाटा मोठा होता.

पेशींबरोबर ढेकळंही फुटतात. कोरड्या ढेकळात हवा भरलेली असते. चहूबाजूंनी पाणी आत शिरलं की ती मधोमध कोंडली जाते, दाबली जाते आणि शेवटी ढेकूळ फोडून बाहेर पडते. पेल्यातल्या पाण्यात कोरडं ढेकूळ सोडलं तर बुडबुडे आणि पाठोपाठ कडा ढासळताना उघड्या डोळ्यांना दिसतात. आत वर्षानुवर्षं बंद असलेला सेंद्रिय पदार्थ त्यामुळे उघडा पडतो, विकरांच्या हाताशी येतो. ओलसर ढेकूळ तसंच पाण्यात सोडलं तर बहुतेकदा शांत राहतं. पहिला जोर कोरडेपणाचा असतो.

मृद्गंधाचं थोडंफार असंच आहे. त्या वासातला मुख्य रेणू जिओस्मिन. स्ट्रेप्टोमायसिससारखे मातीतले जीव तो आधीच तयार करून ठेवतात. थेंब मातीवर आपटतो, खाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि तुषारांसोबत वास हवेत जातो. पाण्याने तो घडवला नाही, नुसता मोकळा केला.

भिजल्यावर उठणाऱ्या श्वसनाच्या लाटेला बर्च परिणाम म्हणतात. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातींवर काम करून १९५८ मध्ये तो सविस्तर मांडला. पाणी पडल्यापासून मिनिटांत कार्बन डायऑक्साइड चढू लागतो, साधारणपणे पहिल्या दिवसातच शिखर गाठतो आणि काही दिवसांत ओसरतो. जिवाणूंची वाढ मात्र नेहमी त्याच्या पावलावर पाऊल ठेवत नाही. थोडक्या काळासाठी वाळलेल्या मातीत ती लगेच सुरू होऊन सरळ रेषेत चढते, पण दीर्घकाळ किंवा फार तीव्र वाळलेल्या मातीत कित्येक तास, कधी जवळजवळ दिवसभर, वाढ शून्याच्या आसपास पडून राहते आणि मग झपाट्याने उसळते. म्हणजे श्वसनाचं शिखर येऊन गेलं तरी नव्या पेशी अजून नाहीत.

विकरांच्या दृष्टीने या वेळापत्रकाला फार महत्त्व आहे. पहिल्या तासांत जे काम होतं ते जुन्या साठ्यावर आणि सांडलेल्या छोट्या रेणूंवर. नवं विकर घडवायला पेशीला आधी सावरावं लागतं, मग नायट्रोजन लागतो, मग वेळ. शिवाय गरजही वाटायला हवी. भोवती मोकळं फॉस्फेट तरंगत असताना सहसा कोणताही जीव फॉस्फेटेज घडवण्यात कार्बन घालवत नाही. ग्लुकोज आयतं मिळत असेल तर बीटा-ग्लुकोसिडेजचंही तेच. त्यामुळे श्वसन तिप्पट-चौपट होऊनही विकराचा आकडा पहिल्या दोन दिवसांत हलत नाही, असं वारंवार दिसतं, आणि ते बिघाडाचं लक्षण नाही. उलट पहिल्या तासाभरातच आकडा उसळलेला दिसला तर सावध व्हावं. फुटलेल्या पेशींच्या पोटातली विकरं बाहेर सांडून मोजणीत आली असण्याची शक्यता तिथं दाट असते. शंका फेडायची तर गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या त्याच मातीचा एक नमुना बरोबर वाळवावा, भिजवावा. त्या मातीत विकरांचा बराच भाग टिकून राहतो पण नवं घडवणारं कोणी नसतं. तिच्यातही उसळी आली तर ती नव्या उत्पादनाची नाही हे ठरलं.

प्रयोग मांडताना सगळ्यात जास्त चुका होतात त्या पाण्याच्या हिशेबात. समजा मातीची जलधारणक्षमता १०० ग्रॅम कोरड्या मातीमागे ४० ग्रॅम पाणी आहे आणि तिच्या ६० टक्क्यांवर आणायचं आहे. म्हणजे १०० ग्रॅममागे २४ ग्रॅम. हवेत वाळलेल्या मातीतही ४ टक्के ओल असते, तेव्हा ५० ग्रॅम खरी कोरडी माती हवी असेल तर ५२ ग्रॅम तोलावी. एकूण पाणी हवं १२ ग्रॅम, त्यातलं २ आधीच आहे, घालायचं १० मिली. इथवर सगळे नीट येतात. पुढे ते १० मिली एकदम ओततात. बरणीच्या तोंडाशी चिखल, तळाशी धूळ, आणि सरासरी बरोबर २४. बरणीत एकाही जागी २४ नसतं. माती १ सेंटिमीटरपेक्षा जाड न ठेवता पसरावी, पिपेटने अर्धा-अर्धा मिली वीस ठिकाणी सोडावं, लगेच वजन करून खात्री करावी. ढवळायचं मात्र नाही, कारण ढवळल्याने ढेकळं मोडतात आणि पाण्याने किती मोडली असती ते कळेनासं होतं. काही माती, विशेषतः सेंद्रिय पदार्थ भरपूर असून कडक वाळलेल्या, पाणी झिडकारतात. वर थेंब मोत्यासारखा बसून राहतो. अशा मातीत भिजण्याची वेळ ओतल्याच्या क्षणापासून मोजू नये.

वाळवणंही तितकंच जपून. १०५ अंशांचा ओव्हन ओलावा मोजण्यासाठी आहे, प्रयोगातली माती वाळवण्यासाठी नाही. त्या उष्णतेने विकरांची घडीच विस्कटते आणि पेशी शिजतात, मग आपण अभ्यासतो तो कोरडेपणा राहत नाही, ती भाजणी होते. २५ अंशांना पातळ थरात, पंख्याच्या मंद वाऱ्यात किंवा सिलिका जेलसोबत बंद डब्यात वाळवावं आणि रोज वजन करावं. वाळण्याचा वेगसुद्धा लिहून ठेवावा. दोन दिवसांत वाळलेल्या आणि दोन आठवड्यांत वाळलेल्या मातीतल्या पेशींना तयारीला मिळालेला वेळ वेगळा असतो.

पुढची चूक इतकी साधी आहे की ती वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेत येत नाही. विकर मोजायला ओल्या मातीचा १ ग्रॅम घेतला. ओलावा २४ टक्के, म्हणजे त्यात कोरडी माती फक्त ०.८०६ ग्रॅम. शेजारच्या ट्यूबमध्ये वाळलेल्या मातीचा १ ग्रॅम, त्यात कोरडी माती ०.९६२. दोन्ही आकडे तसेच लिहिले तर काहीच बदल झालेला नसताना भिजल्यावर विकर सुमारे १६ टक्क्यांनी घटलं असं दिसतं. वाळणं-भिजणं या विषयात १६ टक्के म्हणजे एक अख्खा निष्कर्ष. म्हणून प्रत्येक वेळच्या नमुन्याचा ओलावा त्याच वेळी वेगळा काढायचा आणि आकडा खऱ्या कोरड्या वजनावर आणायचा. सकाळच्या ओलाव्यावर संध्याकाळचा नमुना दुरुस्त करायला जाऊ नये.

कोऱ्या नमुन्याचं, म्हणजे विकराची क्रिया होऊ न देता घेतलेल्या वाचनाचं, तसंच आहे. वाळून भिजलेल्या मातीतून विरघळणारा सेंद्रिय कार्बन जास्त निघतो, आणि सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की तो तपकिरी रंग देतो. तपकिरी रंग ४१० नॅनोमीटरला पिवळ्यात बेमालूम मिसळतो. प्रयोगाच्या सुरुवातीला एकदाच केलेला कोरा नमुना सगळ्या वाचनांतून वजा करत राहिलं तर भिजल्यानंतरचं प्रत्येक वाचन फुगलेलं येणार. दर वेळच्या मातीचा कोरा नमुना वेगळा हवा: सगळं तसंच, फक्त सबस्ट्रेट, म्हणजे विकर ज्यावर काम करतं तो पदार्थ, शेवटी, क्रिया थांबवल्यानंतर घालायचं. बीटा-ग्लुकोसिडेजसाठी थांबवायला सोडियम हायड्रॉक्साइडऐवजी सामू १२ चं ट्रिस वापरतात, कारण तीव्र अल्कलीत तिथलं सबस्ट्रेट आपणहून फुटत राहतं आणि ट्यूब रॅकमध्ये जितका वेळ थांबेल तितकी पिवळी होत जाते.

डिहायड्रोजिनेज हे विकर वेगळ्या घरचं. ते पेशीच्या आत राहतं, बाहेर पडून फार काळ टिकत नाही, म्हणून ते जिवंतपणाची खूण मानलं जातं. १९६४ मधल्या कॅसिडा यांच्या पद्धतीत ६ ग्रॅम मातीत ३ टक्के टीटीसी (इलेक्ट्रॉन मिळाले की लाल होणारं रसायन) १ मिली आणि पाणी २.५ मिली घालून ३७ अंशांना २४ तास ठेवतात, मिथेनॉलने लाल रंग काढतात, ४८५ नॅनोमीटरला वाचतात. वाळण्या-भिजण्याच्या प्रयोगात यातले २४ तासच घात करतात. कोरड्या मातीवर पाणी पडलं आणि ती दिवसभर उबेत राहिली, म्हणजे मोजणीच्या ट्यूबमध्येच एक अख्खी बर्च लाट उठून गेली. आलेला लाल रंग कोरड्या मातीचा नव्हेच. त्यात भिजल्यानंतर नायट्रेट वाढतं, आणि नायट्रेट टीटीसीच्या आधी इलेक्ट्रॉन पटकावतं, त्यामुळे नंतरच्या दिवसांची वाचनं खाली ओढली जातात. माझ्या मते कोरड्या नमुन्यांवर ही कसोटी वापरूच नये. वापरलीच तर तुलना फक्त ओल्या नमुन्यांत करावी.

तुलनेला निदान दोन आधार हवेत: सतत वाफशावर ठेवलेली माती आणि सतत कोरडी ठेवलेली. एकच ओला आधार घेतला तर वाळण्या-भिजण्याच्या चक्रातल्या मातीला एकूण पाणीच कमी मिळालेलं असतं, आणि फरक चक्राचा की कमी पाण्याचा हे सुटत नाही. शक्य असेल तर तिसरा आधार चक्राच्या सरासरी ओलाव्यावर ठेवावा.

त्यातला कोरडा आधार सांभाळणं वाटतं तितकं सोपं नाही, आणि बाष्पाची गोष्ट इथं परत येते. श्वसन मोजायला बंद बरणीत मातीशेजारी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडची छोटी बाटली ठेवतात. ती कार्बन डायऑक्साइड पकडते. नंतर बेरियम क्लोराइड घालून, फिनॉल्फ्थॅलिन टाकून, गुलाबी रंग जाईपर्यंत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं. कोऱ्या बरणीच्या तुलनेत १ मोलर आम्लाच्या दर १ मिली फरकामागे ६ मिलिग्रॅम कार्बन. पद्धत जुनी, स्वस्त, विश्वासाची. पण १ मोलर अल्कली हे पाणीच आहे, आणि त्याच्यावरच्या बंद हवेची आर्द्रता ९६ टक्क्यांच्या पुढे जाते. मातीच्या भाषेत ती उणे ५ मेगापास्कलच्या आसपास. श्वसन जिथं थांबतं ती पातळी उणे १४. म्हणजे कोरडा म्हणून ठेवलेला नमुना बरणीत बसल्या बसल्या बाष्प ओढून जागा होतो, आणि मग कोरडी मातीसुद्धा श्वास घेते असा शोध लागतो. खात्री करायला फक्त तराजू लागतो: आत ठेवताना आणि बाहेर काढताना मातीचं वजन. चढलं असेल तर तो आधार बाद. कोरड्या बरण्यांत अल्कली न ठेवता वरची हवा सिरिंजने काढून गॅस क्रोमॅटोग्राफवर किंवा इन्फ्रारेड विश्लेषकावर मोजावी.

नमुने काढायच्या वेळा श्वसनासाठी आणि विकरांसाठी एकच ठेवायचा मोह आवरावा. श्वसनाची लाट पहिल्या २४ तासांत आहे, तिथं १, ४, ८, २४ तास अशी दाट वाचनं हवीत. विकरांचं खरं हलणं दुसऱ्या दिवसापासून आठवड्याभरापर्यंत. प्रयोग तिसऱ्या दिवशी गुंडाळला तर "भिजण्याचा विकरांवर परिणाम नाही" असं लिहावं लागतं, आणि ते खरं नसतं. नमुना काढला की त्याच दिवशी मोजावा. ४ अंशांच्या फ्रिजमध्ये काम मंदावतं, थांबत नाही.

चक्रं पुन्हा पुन्हा झाली की लाट सहसा लहान होत जाते. फुटायची ती ढेकळं फुटून गेलेली, उघडा पडायचा तो सेंद्रिय पदार्थ खाऊन झालेला, आणि ज्यांना धक्का सोसत नव्हता ते जीव मागे पडलेले. जिला ही उलथापालथ नेहमीची आहे ती माती पहिल्याच चक्रात शांतपणे वागते. म्हणून मातीचा मागचा इतिहास, ती कुठल्या ऋतूत, किती ओल असताना उचलली हे, नमुन्याच्या चिठ्ठीवर सामूइतक्याच ठळकपणे लिहावं.

राहिला तो पहिला प्रश्न: कोरड्या मातीतलं विकर कोरडं असतानाच कसं पाहायचं? पूर्ण उत्तर नाही, पण जवळ जाता येतं. एकाच मातीच्या १ ग्रॅमच्या दोन ट्यूब घ्याव्यात. पहिलीत नेहमीप्रमाणे ४ मिली बफर आणि १ मिली पाण्यात १० मायक्रोमोल सबस्ट्रेट. दुसरीत बफर नाहीच, तेच १० मायक्रोमोल फक्त ५० मायक्रोलिटरमध्ये, ०.२ मोलर करून, सुईच्या टोकाने दहा ठिकाणी टिपक्यांसारखं. म्हणजे माती जेमतेम ५ टक्के ओलावते. दोन्ही तासभर ३७ अंशांना. मग दोन्हींत कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम हायड्रॉक्साइड, आणि दुसरीत क्रिया थांबल्यावर उरलेलं ४.९५ मिली बफर, म्हणजे आकारमान सारखं होईल. सबस्ट्रेटची तीव्रता दोन्हीकडे वेगळी आहे, सामूही बांधलेला नाही, तेव्हा आकड्यांचा भागाकार करून प्रबंध लिहू नये. पण तीन वेगवेगळ्या मातींवर हे करावं आणि जोड्या उजेडासमोर धराव्यात. वाळूसाठी ५ टक्के ओल म्हणजे वाफशापासून फार लांब नाही, तिथं दुसरी ट्यूब पहिलीच्या बरीच जवळ येऊ शकते. भारी चिकणमातीत तेच ५ टक्के पापुद्र्यांमध्ये घट्ट धरले जातात, झाड सुकतं त्याच्याही पलीकडच्या ओढीला. तिथं दोन ट्यूबमधला पिवळा रंग जितका वेगळा दिसेल, तितकं विकर त्या मातीत शाबूत असून अडकलेलं होतं.